बाबांनी न पाहिलेला रोहू

धरलेला मासा परत पाण्यात सोडणारा माणूस मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला, आणि तो माझाच नवरा निघाला.

मी खारदांड्याची कोळीण. आमच्या घरात मासा म्हणजे पोट. बाबांची स्वतःची होडी होती, पाण्यात लावायचं डोल जाळं होतं. जाळ्यातला मासा टोपलीत जायचा, टोपली आईच्या डोक्यावर जायची आणि आई बाजारात जायची. उरलासुरला आमच्या पानात. मासा याहून वेगळीकडे कुठे जाऊ शकतो, हे मला एकविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. कुणी मजा म्हणून मासे धरतं असं दांड्यात येऊन सांगितलं असतं, तर आमच्या बायकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

नवरा आमच्याच जातीचा, पण त्यांच्या घरात नोकरी शिरली ती त्याच्या वडिलांपासून. हा भांडुपच्या एका कारखान्यात कारकून होता आणि आम्ही नाहूरला भाड्याच्या खोलीत राहायचो. त्याचा गोरा साहेब कायमचा विलायतेला परत गेला तेव्हा आपली मासे धरायची काठी, तिचं चाक आणि रेशमी दोरी याला देऊन गेला. पन्नास-एक्कावन्न सालची ही गोष्ट. तेव्हापासून दर रविवारी काठी सायकलच्या दांडीला बांधून स्वारी पवईच्या तलावावर. त्या काळात गहू रेशनवर मोजून मिळायचा. त्यातलं पीठ हा माणूस पेंड आणि हिंग घालून मळायचा आणि गळाला लावायचा. घरात पोळ्या कमी आणि तलावातले मासे धष्टपुष्ट. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लग्नानंतर दोनेक महिन्यांनी मी हट्टानं त्याच्याबरोबर गेले. दुपारी त्याला चांगला हातभर लांब रोहू लागला. मी टोपली उघडून तयार बसलेले. त्यानं आधी हात पाण्यात बुडवून ओले केले, तोंडातला गळ हलकेच काढला, मासा पाण्यात आडवा धरला, तो सावरेपर्यंत तसाच धरून ठेवला आणि मग हात अलगद काढून घेतले. रोहू शेपूटही न आपटता निघून गेला. माझे डोळे पांढरे झाले. निसटला का म्हणून विचारलं, तर म्हणाला, सोडला. साहेबानं तसं शिकवलं होतं म्हणे. घरी खायला लागेल एवढा एखादा ठेवायचा, बाकीचे सोडायचे, आणि फार मोठा लागला तर त्याला सोडायचंच, कारण तो एवढी वर्षं जगलाय. मी घरापर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. अन्न पाण्यात फेकणाऱ्या माणसाशी बोलायचं तरी काय?

पुढे वर्षभरात मी त्या वेडाकडे काणाडोळा करायला शिकले. तेवढ्यात दांड्याहून निरोप आला की बाबा नीट जेवत नाहीत, एकदा येऊन जा.

बाबांची नजर दोन वर्षांपासून उतरत होती. डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून हात टेकले होते. माणसाचा आकार कळायचा, चेहरा कळायचा नाही. भावांनी त्यांना होडीवर न्यायचं थांबवलं आणि घरच्या ओटीवर जाळी सांधायला बसवलं. एवढं मला ठाऊक होतं. मला वाटलं होतं, बरं आहे, म्हातारा माणूस सावलीत बसून काम करतोय.

मी गेले त्या दुपारी धाकटा भाऊ घरामागे बसून जाळ्याच्या गाठी सोडवत होता. विळीवर कापून कापून काढत होता. विचारलं तर त्यानं मला गप्प राहायची खूण केली. त्या बाबांनी मारलेल्या शेवटच्या गाठी होत्या. सगळ्या चुकलेल्या. बाबा पुढच्या ओटीवर बसून सांधायचे आणि भाऊ मागे बसून ते उसवायचा, नि पुन्हा नीट करायचा. सहा महिने हे चाललं होतं. आमच्या दांड्यात बाबांची गाठ ओढून तुटत नाही असं बोललं जायचं.

आणि त्याहून वाईट म्हणजे बाबांना हे कळलं होतं. आठ दिवसांपूर्वी त्यांनी आपलं जाळं हातानं चाचपलं होतं आणि त्या गाठी आपल्या नाहीत हे त्यांच्या बोटांनी ओळखलं होतं. ते कुणाला काही बोलले नाहीत. सुई ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी भावांना वाट्टेल ते बोलले, आईलाही सोडलं नाही. मग बाबांचे दोन कपडे बांधले आणि त्यांना नाहूरला घेऊन आले.

नाहूरला तरी ते काय करणार होते? समुद्राचा आवाज नाही, वास नाही. तीन आठवडे त्यांनी बाजेवर बसून काढले. मग एका शनिवारी नवरा म्हणाला, बाबांना उद्या तलावावर नेऊ. मी त्याच्यावर खेकसले. ज्या माणसानं चाळीस वर्षं दर्यावर काढली त्याला तू डबक्याच्या काठी बसवून काठी धरायला शिकवणार का, असं विचारलं. बाबांनी आतून ऐकलं. म्हणाले, चला, जाऊ. महिन्याभरात त्यांनी स्वतःहून मागितलेली ती पहिली गोष्ट.

सकाळी टांग्यानं गेलो. काठावर उतरल्याबरोबर बाबांनी भरती कधी लागते ते विचारलं. नवरा म्हणाला, इथे भरती नसते. बाबांना वाटलं जावई थट्टा करतोय. ते चाचपडत पाण्यापाशी गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि गोडं लागताच थुंकले.

"मंग मासा येतं कशाला?" ते म्हणाले.

नवऱ्यानं गळाला पीठ लावलं, गळ पाण्यात टाकला आणि काठी त्यांच्या हातात ठेवली. चाक कसं फिरवायचं ते त्यांचा हात धरून दाखवलं. बाबांनी निमूटपणे शिकून घेतलं. माझ्यानं ते बघवेना. मी जांभळीखाली तोंड फिरवून बसले.

थोड्या वेळानं पाहिलं तर बाबांनी काठी मांडीखाली दाबून ठेवली होती आणि दोरी पुढे ओढून बोटावर घेतली होती. डोळे मिटलेले. महिनाभर मेलेल्या त्या चेहऱ्यावर काहीतरी चाललं होतं. मध्येच म्हणाले, हुंगतोय. मग म्हणाले, गेला. मग बराच वेळ काही नाही. नवरा माझ्याकडे बघून हसला तेव्हा मी त्याच्याबद्दल पहिल्यांदा बरा विचार केला, हे कबूल करते.

दुपार कलली तेव्हा दोरीला हिसका बसला. काठी मांडीखालून सटकली आणि नवरा धावला, पण बाबांनी त्याला हातानंच मागे सारलं. चाकाबिकाच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. उभे राहिले आणि दोरी हातानं ओढायला लागले. तो पळाला की सोडायची, थकला की ओढायची. रेशमी दोरीनं बोट चिरलं आणि रक्त मनगटापर्यंत आलं. मी ओरडले, पण ते माझं ऐकायला तिथे नव्हतेच. अर्धा तास तरी हे चाललं असेल. आजूबाजूचे गळ टाकून बसलेले दोघं-तिघं उठून बघायला आले. शेवटी मासा काठाला लागला. रोहूच, पण नवऱ्यानं आजवर आणलेल्यांच्या दुप्पट. बाबा गुडघ्यावर बसले, दोन्ही हात त्याच्या पाठीवर ठेवले आणि धापा टाकत तसेच बसून राहिले. मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि मासा नवऱ्यानं धरला. मी त्यांना पाणी द्यायला वळले.

तांब्या घेऊन परत फिरले तर नवरा गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याचे हात रिकामे होते.

मला आधी समजेचना. तोही आपल्या हातांकडे बघत होता. ओले हात, आडवा धरलेला मासा, सावरेपर्यंत थांबायचं आणि हात काढून घ्यायचे. रविवारमागून रविवार केलेलं त्याच्या हातांनी आपोआप केलं होतं. त्याच्या तोंडचा रंग उडाला. बघायला आलेल्यांपैकी एकानं खाली बघत तपकिरीची डबी काढली.

बाबा पाणी प्यायले. त्यांनी जमिनीवर हात फिरवला. गवत होतं, चिखल होता. पुन्हा फिरवला.

"कवरा व्हता गो?" त्यांनी मला विचारलं. मासा बाजूला ठेवलाय असंच ते धरून चालले होते.

मी खोटं बोलले. म्हटलं, बाबा, मोठा होता, पण यांच्या हातातून निसटला.

बाबांनी पाण्याच्या दिशेनं कान वळवला.

"खोटा नको बोलू," ते म्हणाले. "निसटलेला मासा पानी आपटतं. आवाज आला नाय. कोनीतरी त्याला सोरलाय."

डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून आम्ही सगळे, भाऊ काय आणि मी काय, त्या माणसाला फसवायला निघालो होतो. नवरा पाण्यातून बाहेर आला आणि त्यानं सांगून टाकलं की मीच सोडला, सवयीनं हात गेला, चुकलं माझं. मला वाटलं आता बाबा त्याच्या कानाखाली काढतील, आणि काढावी असंच मला वाटत होतं. ते चिडले असते तर चाललं असतं.

ते चिडले नाहीत. रक्ताचं बोट धोतराला पुसलं आणि सावकाश बोलले.

"बरोबर हाय तुमचा. घरान पगार येतं. माजे हातचा आता कोनाला लागत नाय."

एवढं बोलून ते उठले आणि टांगा कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. तो चेहरा पुन्हा भिंतीकडे वळलेला मला दिसला. या माणसाला मी आता घरी नेलं तर हा परत उठायचा नाही, हे मला लख्ख कळलं आणि माझा तोल गेला. मी त्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं. वडिलांना कुणी असं बसवत नाही. चार परकी माणसं बघत होती.

"मना लागतं," मी म्हटलं. "मी सकालपासून उपाशी हाय. दुसरा धरा. त्याबिगर मी जेवायची नाय."

मी खरोखर उपाशी नव्हते. भाकरी बांधून आणली होती आणि ती मी दुपारीच खाल्ली होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी पिठासाठी हात पुढे केला. नवऱ्यानं पिठाचा गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला.

ऊन उतरलं. बघे आपापल्या जागी गेले, मग घरी गेले. बाबांना लागला तो एक वीतभर मासा, तोही सगळा काट्यांचा. त्यांनी तो ओढला, चाचपला, आणि कुणाच्याही हातात न देता स्वतःच टोपलीत टाकून वर पाय ठेवला.

घरी येऊन मी त्याला चिंच लावली, आमच्या घरचा मसाला भरपूर चोळला आणि तळला. बाबा माझ्या पानासमोर येऊन बसले. त्यांनी स्वतःचं पान घेतलंच नाही. ते माझ्या खाण्याचा आवाज ऐकत होते. नवऱ्यानं आणलेले मासे मी शिजवून द्यायचे, पण गोड्या पाण्यातला मासा स्वतः तोवर तोंडात घेतला नव्हता. पहिला घास कसाबसा गिळला आणि मी काटे चोखून चोखून खात राहिले.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.

दिवसभरात दोनदा खोटं बोलून झालं होतं. पुन्हा बोलायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, बाबा, नुसता चिखल लागतो.

त्यांनी हात पुढे केला. मी एक तुकडा दिला. त्यांनी तो चावला, तोंड वाकडं केलं आणि माझ्या ताटाच्या कडेला काढून ठेवला. मग नवरा ज्या बाजूला बसला होता तिकडे वळले.

"जावयबापू," ते म्हणाले, "ह्यो सोरायचा व्हता. त्यो ठेवायचा."

नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तो बिचारा हो, हो म्हणत राहिला. बाबांनी मला भात वाढायला सांगितला. दोन वेळा घेतला. आणि हात धुताना, रेशनचं पीठ पुढच्या रविवारपर्यंत पुरेल का, असं त्यांनी मला विचारलं.