अधिक एक्याण्णव

देशातल्या तमाम मोबाईलधारकांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, तुमचा नंबर खरोखर तुमचाच आहे का, हे अगत्याने विचारणारा शेवटचा माणूस गेला. यापुढे ज्याने त्याने आपापली खात्री करून घ्यावी.

अनंतकाकांच्या पुतण्याचा फोन आला, "काका गेले..." आणि पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात मी रंगाचा ब्रश हातात धरून तसाच उभा राहिलो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका आमच्या गिऱ्हाइकांचे नंबर सांभाळत. लोक नंबर कसेही देतात. कुणी आधी शून्य लावतो, कुणी मध्ये टिंबं देतो, कुणी बायकोचा देऊन तिला सांगत नाही. काका कॉम्प्युटरवर सगळ्यांना एका रांगेत उभं करत : आधी देशाचं अधिक एक्याण्णव, मग दहा आकडे. मग प्रत्येकाला फोन लावून विचारत, "आपण आपणच ना?" काकू गेल्यापासून त्यांचं बोलणंचालणं एवढंच. "हे काम सुटलं तर मी घरातली खुर्ची रे," म्हणायचे.

एका वर्षी मस्कतच्या गिऱ्हाइकाची मूर्ती पेटीत बसली. त्याने दिलेला नंबर आठ आकडी. काकांना दोन आकडे कमी वाटले. त्यांनी पुढे एक्याण्णव चिकटवून दहा पूर्ण केले! तो फोन वाजला रोह्याजवळ वरशात, धाटावच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या दिलीपच्या खिशात.

"पेटी उद्या निघते. मस्कतला उतरवून कोण घेणार?"

"अवो, मी वरशात ऱ्हातो! राँग नंबर हाय."

"माझ्याकडे राँग नंबर नसतो. नीट आठवा."

दिवसभर हेच. शिफ्ट सुटल्यावर दिलीप मोटारसायकलवरून थेट पेणला भांडायला आला. "बघा! हाय का मी मस्कतवाला?"

काकांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं, पुन्हा नंबर पाहिला... आणि कॉम्प्युटरपुढची खुर्ची सोडली. एकाच्या नावाची मूर्ती आम्ही दुसऱ्याला देत नाही, म्हणून घेणारा फोनवर पक्का झाल्याशिवाय पेटी निघत नाही. पेटी अडली तर त्या घरी गणपती बसणार नव्हता, तोही काकांच्या एक्याण्णवामुळे. "उद्यापासून मी येत नाय," ते पुटपुटले.

भांडण दिलीपच्या तोंडातच राहिलं. "काका, माझा मेव्हणा हाय तिकडं. तिथले नंबर आठच आकडी असतात." त्याने मेव्हण्याला विचारून मस्कतचा कोड मिळवला. काकांनी फोन लावला. "आपण... आपणच ना?" पलीकडून होकार आला. पेटी गेली.

"आणि येत नाय काय?" दिलीप दरडावला. "मग मला तरास कोन देनार?"

तेव्हापासून काका दर आठवड्याला त्याचा नंबर 'तपासत'. तपासणी तासभर चाले. त्यात रोह्याची भाजी, दिलीपची शिफ्ट, त्याच्या लेकीचं लग्न सगळं येई. मी म्हटलं, "काका, हे आपलं गिऱ्हाईक नाही, काढा नंबर." तर म्हणाले, "चालू नंबर कुणी पुसतो का?"

तेराव्याला पुतण्याकडे मंडळी जमली होती. दारात कंपनीच्या कपड्यांतला एक दणकट माणूस घरच्यांपेक्षा मोठ्याने हुंदके देत होता. पुतण्याने हळूच विचारलं, "आपण काकांचे कोण?"

दिलीप भरल्या घरात ओरडलाच, "मी राँग नंबर!"