समुद्राला दिलेला नारळ

वाण्याच्या दुकानात वेखंडाचा वास आला की मला मिरकरवाडा बंदरावरची ती नारळी पौर्णिमा आठवते. सगळ्या इलाख्यात गाजलेल्या आगबोटीच्या अपघातातून वाचलेली एक दाई तिथं माझ्यासमोर उभी होती. मालकाचं तान्हं पोर पदरानं छातीशी बांधून ती किनाऱ्याला लागली, हे वर्तमानपत्रांनी रकाने भरून छापलं. मालकांच्या वरच्या वर्गात आणायला मनाई, म्हणून खाली डेकवर ठेवलेली तिची स्वतःची तान्ही मुलगी बुडाली, हे छापायला मात्र एकाकडेही शाई नव्हती! त्या दिवशी मालकीणबाईंनी सोनेरी कागद लावलेला नारळ तिच्या हातात दिला. "तुझ्याच हातानं सोड गो. दर्यानं आमचा बाळ परत दिलान." "आणि माझी पोर ठेवलीन, तिचं काय, बाईसाहेब?" "सणाच्या दिवशी असं बोलू नये." दाई नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात गेली. कनवटीची वेखंडाची पूड काढून तिनं ती नारळाला चोळली, न्हाऊ घातल्यावर बाळाच्या टाळूला चोळतात तशी, आणि दोन्ही हातांनी नारळ पाण्यावर निजवला. "बघा, किती भक्तीनं पूजा केलीन!" मालकीणबाई कौतुकानं म्हणाल्या. त्या मुलीबद्दल मी आजही पत्रकं काढून आगबोट कंपनीला जाब विचारतो. उत्तर ठरलेलं असतं: तान्ह्यांना तिकीट नसतं, म्हणून बुडालेल्यांत त्यांना धरत नाहीत.