आमच्या बैठकीतला सोफा

परभणीहून गाडी हलली तेव्हा बाबा डब्याबरोबर थोडं चालत आले आणि म्हणाले, "मोठं शहर आहे, माई. लोक कसे राहतात ते बघ. पण मनाला पटत नाही ते करू नको." हातावरची हळद अजून गेली नव्हती. निजामाचं राज्य होतं, आणि मी सासरी हैदराबादला निघाले होते. तुम्हा मागे राहिलेल्यांना मी नेहमी एवढंच सांगत आले, की शहर फार सुंदर आहे. जे सांगितलं नाही ते आता लिहिते. तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना ते फार नवं वाटणार नाही.

गौलीगुड्यात आमचं भाड्याचं घर. सासरे, म्हणजे अप्पा, शाळेतून निवृत्त झालेले, सासूबाई, आणि माझे यजमान, सरकारी कचेरीत कारकून. घरात बोलायचे मराठीच, पण मला ती अर्धीच कळायची. सासूबाई हो म्हणायला "हौ" म्हणायच्या, नको म्हणायला "नक्को", आणि रकाबी मागितली की बशी न्यावी का वाटी, हे मला समजायचं नाही. शेजारच्या मुनीराआपांनी मला शहराचे शब्द शिकवले. त्यांचे यजमान मोठ्या हुद्द्यावर होते. दुपारी आपा त्यांच्या सागवानी सोफ्याच्या अभ्र्यांवर भरतकाम करायच्या आणि मी सुईत दोरा ओवून द्यायचे. गावी अंगणभर बायका असत. इथं माझ्यासाठी ती एक बाई होती.

मग भारत सरकारची पोलीस कारवाई झाली आणि निजामाचं राज्य गेलं. आपांच्या यजमानांची नोकरी गेली, आणि त्या धसक्यानं तेही गेले. काही दिवसांनी एका सकाळी मी दार उघडलं, तर आपांचं अख्खं घर रस्त्यावर मांडलेलं. पलंग, आरसे, गालिचे, पानदान. भोवती आमच्याच गल्लीतल्या बायका. मला आधी वाटलं, त्या सामान उचलू लागायला आल्यात. मग बघितलं, ज्यांच्याकडं मी हळदीकुंकवाला जायचे त्या भाव करत गाद्या दाबून बघत होत्या. आपा बाहेर आल्याच नाहीत. संध्याकाळी त्यांच्या दाराला कुलूप होतं.

अशी आणखी कितीतरी घरं रिकामी झाली, आणि आमची गल्ली सजत गेली. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "तुम्ही काय घेतलंत?" सासूबाई कुरकुरायच्या, "सगळ्यांनी घेतलं. आपलीच बैठक रिकामी." यजमानांना बढती मिळाली होती, नवे साहेब बायकोला घेऊन चहाला येणार होते, आणि आमच्याकडं नुसती सतरंजी.

एक दिवस कोठीच्या बाजारातून भाजी घेऊन आले, तर बैठकीत तो सोफा. यजमान खुशीत होते. "आबिड्सच्या एका दुकानात मिळाला. कसा आहे?"

अभ्र्यावर हिरवा पोपट होता. त्याच्या डोळ्याचा लाल दोरा मीच ओवला होता.

"हा आपांचा आहे," मी म्हणाले.

"होता," ते म्हणाले. "आता आपला."

मला त्यावर बसवेना. साहेब आले त्या दिवशीही मी सतरंजीवरच बसले. साहेबांच्या बायकोनं विचारलं, "अहो, तुम्ही खाली का?"

"हा आमच्या शेजारणीचा सोफा आहे. मला त्यावर बसवत नाही."

यजमानांचा कप हातातच राहिला. मला वाटलं, त्या बाई उठतील, निदान रागावतील. त्या हसल्या. "मग काय झालं? आमचा अख्खा दिवाणखानाच असा आलाय. आणखी एक घर विकायला निघतंय म्हणे. सांगू का तुमच्यासाठी?" आणि त्यांनी चिवडा पुढं ओढला. राग नाही, लाज नाही. फार मायाळू बाई होत्या त्या. मी जितकी हादरले तितकी त्या सकाळी रस्त्यावरसुद्धा हादरले नव्हते.

पाहुणे गेल्यावर यजमान म्हणाले, "साहेबांसमोर मला मान खाली घालायला लावलीस."

"तिनं खोटं काय सांगितलं?" अप्पा म्हणाले, आणि उठून माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन बसले.

विचारत विचारत मी आपांना शोधलं. नदीच्या पुलापलीकडं एका खोलीत त्या राहत होत्या. मी सोफा पाठवते म्हटलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "किधर रखूँ? तुम या सोफा, दोनों में एकीच समाता यहाँ." मग म्हणाल्या, "सोफा नक्को. तुम आते रहो."

मी जात राहिले. गल्लीला ते कळलं आणि हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. सणाच्या दिवशी दाराशी उभी राहून मी बायका जाताना बघायचे.

पुढं भाषेप्रमाणे राज्याची वाटणी झाली. परभणीकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला, आणि मराठी नोकरदार तिकडं निघाले. "आपल्या मुलखात चाललो," म्हणत नातेवाईक सामान बांधू लागले. मलाही किती वर्षं तेच हवं होतं. यजमानांनी पहिल्यांदाच मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"मला इथंच राहायचंय."

का, ते त्यांनी विचारलं नाही. इथंच राहण्यासाठी त्यांनी अर्ज केला, याचं मला आजही नवल वाटतं.

नातेवाईक गेले त्या दुपारी मी आपांकडं गेले. सगळे मराठी गेले असं त्यांच्या कानावर आलं होतं. दार उघडून त्या भूत बघावं तशा बघत राहिल्या.

"तुम गए नै? कायकू? तुम्हारा घर तो उधर था."

मी चपला दाराशी काढल्या. मला जागा करत त्या भिंतीकडं सरकल्या आणि मी बसले.

आता आपा नाहीत. कुणी घर कुठलं विचारलं की सवयीनं गावाचंच नाव तोंडात येतं. डोळ्यांसमोर मात्र त्या येतात, एवढ्याशा खोलीत भिंतीकडं सरकणाऱ्या.