ओली हलगी

माझ्या हातातला झेंडू त्यांनी काढून घेतला. ओढून नाही. दोन बोटांनी, माझ्या बोटांना बोट लागणार नाही असा.

मी पाचवीत होते. सतरा सप्टेंबर होता, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आमच्या फाट्यावर, जिंतूरच्या रस्त्याला लागून, हुतात्मा स्मारक आहे. तीन पायऱ्यांचा चौथरा, वर काळा दगड, दगडावर चार नावं. निजामाचं राज्य जाता जाता रझाकारांनी गावावर हल्ला केला, त्यात मारले गेलेले चार जण. दरवर्षी त्या दिवशी शाळेची रांग गावातून फाट्यावर यायची आणि वर्गात पहिली आलेली मुलं दगडाला फूल वाहायची. त्या वर्षी मी पहिली आले होते. गुरुजींनीच मला फूल दिलं होतं.

दोन पायऱ्या चढले. तिसरीवर स्मारक समितीचे अध्यक्ष उभे होते. गावात त्यांना मालक म्हणायचे. दगडावरचं पहिलं नाव त्यांच्या चुलत्याचं. ते मोठ्यानं बोलले नाहीत. त्यांना मोठ्यानं बोलायची गरजच कधी पडली नाही.

"कुठं चढायलीस? हलगीवाल्याची ना तू? मग हलगीपाशी थांब."

फूल मागच्या मुलीच्या हातात गेलं. ती वर्गात चौथी आली होती. गुरुजी झेंड्याच्या दोरीकडं बघत राहिले.

मी खाली आले. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला माझा बा हलगी वाजवत उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. त्याची हलगी थांबली नाही. काडी एकदाही चुकली नाही. मालकांचा राग मला पुढं आला, अक्कल आल्यावर. त्या दिवशी राग आला तो बाचा. एक ठोका चुकवला असता तरी मला पुरलं असतं.

आम्ही मांग. हलगी आमच्या घरात कधीपासून आहे ते कुणालाच माहीत नाही. गावाला लग्नात हलगी लागायची, मयतीत लागायची, पोळ्याला लागायची. वाजवणारा मात्र चार हात लांब लागायचा. जेवणं उरकल्यावर त्याला बोलावणं यायचं, तेही मागच्या दारानं.

घरी जाऊन मी रडले नाही. जेवलेही नाही. आजोबांची थोरली बहीण तेव्हा आमच्यातच राहायची. बा तिला आत्या म्हणायचा म्हणून आम्हीही आत्याच म्हणायचो. तिनं विचारलं, मी सांगितलं. ती बराच वेळ तंबाखू मळत बसली. मग तिनं जे सांगितलं ते त्या घरात माझ्यासमोर तोवर कुणी बोललं नव्हतं.

हल्ला झाला तेव्हा आत्या आठेक वर्षांची होती. तिचा बाप, म्हणजे माझा पणजोबा, गावाचा हलगीवाला. गावानं ठरवून ठेवलं होतं: रझाकार येताना दिसले की त्यानं हलगी वाजवायची, ती ऐकली की बायापोरांनी ओढ्यात उतरून पळायचं. पावसाचे दिवस होते. छपरं गळत होती. हलगीचं कातडं ओल धरून ढिलं पडलं होतं. ज्यानं हलगी हातात धरली नाही त्याला हे कळायचं नाही. ओल्या कातड्यावर ठोका मारला तर भद्द होतं, आवाज शेजारच्या घरातही जात नाही. आधी चगाळ, म्हणजे वाळका पालापाचोळा, पेटवावं लागतं. हलगी जाळावर धरून फिरवत राहावी लागते. कातडं हळूहळू ताणतं, तेव्हा कुठं ती बोलते. घाई केली तर कातडं करपतं आणि फाटतं.

पणजोबाला माणसं येताना दिसली. मांगवाडा गावाच्या कडेला, मागं ज्वारी उभी. तो त्या ज्वारीत शिरला असता तर कुणाला सापडला नसता. त्यानं चगाळ गोळा केलं आणि पेटवलं.

"वल्ली हलगी बोलत न्हाई, बाई," आत्या म्हणाली. "जाळ केला. जाळाचा धूर झाला. धुरावरनं त्येंनी घर वळखलं. पर त्येनं वाजवलीच. निम्मं गाव वढ्यात उतरलं, तवर वाजवत हुता. मग हलगीसंगट पडला."

मी विचारलं, मग दगडावर त्याचं नाव का नाही? आत्यानं तंबाखूची चिमूट गालात धरली. दगड बसवला तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही, म्हणाली. आम्हीही विचारायला गेलो नाही.

मी शिकले. एसटीत कंडक्टर झाले. परभणी-जिंतूर गाडीवर असले की दिवसातून चार वेळा तो फाटा यायचा. "चला, स्मारक फाटा," असं ओरडायचं, घंटी मारायची, पुढं जायचं. डेपोत कुणी विचारलं वडील काय करतात, तर मी शेती सांगायचे. आम्हाला वीतभर शेती नव्हती. हलगी सांगायची लाज वाटायची. जिच्यापायी आमचा माणूस मेला तिचीच मला लाज. हे कबूल करताना आजही मला स्वतःचा संताप येतो.

मग रस्ता रुंद करायचं काम निघालं. चौथरा फोडला. एका दुपारी जेसीबी आडवा आला म्हणून गाडी फाट्यावरच अडकली. खिडकीतून पाहिलं तर स्मारकाचा दगड कडेला मुरमावर उताणा पडलेला. ड्रायव्हरला म्हटलं, आलेच, आणि उतरले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा दगड मी कधी वाचलेलाच नाही. चार नावं पाठ होती, कारण ती दरवर्षी ओरडून सांगितली जायची आणि आम्ही खालून अमर रहे म्हणायचो. नावांखाली बारीक अक्षरांत तीन ओळी होत्या, त्या खालून दिसायच्या नाहीत. त्या दिवसानंतर इतक्या वर्षांत मी त्या पायऱ्या चढलेच नव्हते. कदाचित कुणी अडवलंही नसतं. नोकरीवाली बाई, अंगात खाकी. पण पाय उचललाच नाही. मालकांनी एकदाच सांगितलं होतं. पुढं इतकी वर्षं मीच मला सांगत आले.

आता दगडच खाली आला होता. मी वाकून वाचलं. हल्ल्याची हकीकत होती. मधली ओळ अशी: हलगीचा इशारा होताच गाव सावध झाले व अनेकांचे प्राण वाचले.

हलगी होती. चांगली खोल कोरलेली, वर सोनेरी रंग. हलगीवाला कुठंच नव्हता. बकऱ्याच्या कातड्याला दगडावर जागा मिळाली, माणसाच्या कातड्याला नाही. मागं गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मी गाडीत चढले, उरलेली तिकिटं दिली. एका बाईला मी सुटे परत द्यायचे विसरले, तिनं दोनदा मागितले तेव्हा ऐकू आलं.

मी समितीला अर्ज लिहिला. नव्या दगडावर पाचवं नाव कोरावं, एवढीच मागणी. बाला वाचून दाखवला. "कशाला उकरायलीस?" एवढंच म्हणाला. तरी बैठकीच्या दिवशी माझ्याबरोबर आला.

जुने मालक वारले होते. त्यांच्या खुर्चीत त्यांचा मुलगा होता. त्याला धाकटे मालक म्हणतात. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. बा दाराशी चपलांच्या कडेला बसला. मी दोनदा बोलावलं, आला नाही. धाकट्या मालकांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, घडी घातली. ताई, भावना समजतात, म्हणाले, पण यादी सरकारी हाय, तुमच्याकडं पुरावा काय? मी म्हटलं, तुमचा दगडच सांगतो की हलगी वाजली. ती वाजवली कुणी, ते या खोलीतलं कुणीही म्हातारं माणूस सांगेल. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. त्यांतल्या दोघांच्या आया त्या दिवशी ओढ्यातून पळाल्या होत्या, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

"इतक्या वर्षांत तुमच्या वडलांनी कधी मागितलं न्हाई," धाकटे मालक म्हणाले. "हलगीचा उल्लेख हायच की. आनि यंदा आमी त्येंचा सत्कार बी करायलाव. शाल-श्रीफळ. खालीच, हलगीच्या जागेवर. म्हंजे वाजवण्यात खंड पडायचा न्हाई."

ते हे चांगल्या मनानं बोलत होते. त्याचाच मला जास्त संताप आला. बापानं फूल काढून घेतलं, लेकानं शाल देऊ केली, आणि दोघांच्या हिशेबी आमची जागा एकच. मी चहा न पिता उठले.

सतरा सप्टेंबरला पहाटेपासून भुरभुर होती. मी रजा टाकली होती तरी खाकी घालून गेले. फाट्यावर नवा चौथरा, चकचकीत फरशी, स्टीलचा कठडा. पायऱ्या पुन्हा तीनच. अजून कुणी आलं नव्हतं. मी सरळ वर चढले. कुणी हटकलं नाही. मला वाटलं होतं छाती भरून येईल. तसलं काही झालं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला फक्त वर चढायचं आहे, ते खरं नव्हतं. नवा दगड वाचला. चार नावं. तीन ओळी. हलगी. अक्षर न अक्षर तेच.

खाली डाव्या अंगाला बानं पोत्यातून हलगी काढली होती. चगाळ पेटवून तो उकिडवा बसला होता आणि हलगी जाळावर फिरवत होता. मी शेजारी बसले. म्हटलं, बा, नवा दगड वाचला, नाव नाही. तो हलगी फिरवत राहिला. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि जाळावर ओतली.

धूर झाला. मला वाटलं बा हात उगारणार. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग धुराकडं. धूर विरेपर्यंत तो त्याकडंच बघत होता. मग त्यानं हलगी उलटी केली, कातडं आभाळाकडं केलं आणि भुरभुरीत धरून ठेवलं. ज्या माणसानं जन्मात हलगीवर थेंब पडू दिला नाही, लेकराच्या आधी तिला पोत्यात गुंडाळलं, त्यानं. मला रडू आलं. पाचवीत आलं नव्हतं ते.

पाहुणे आले. झेंड्याची दोरी हातात घेतली. धाकट्या मालकांनी वरून हात केला. खाली काहीच वाजलं नाही. त्यांनी पुन्हा हात केला. मग ते तीन पायऱ्या उतरून आमच्यापर्यंत आले. त्या घरातलं कुणी आमच्याकडं उतरून आल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

"काय झालं? वाजवा की. पावणे थांबल्यात."

मी म्हटलं, "दगडावर लिवलीया की हलगी. तिलाच वाजवू द्या."

ते माझ्याशी बोललेच नाहीत. बाच्या दिशेनं वळले. बानं मान वर केली नाही, पण आवाज स्वच्छ होता.

"वल्ली हाय, मालक. बोलत न्हाई."

झेंडा हलगीशिवाय वर गेला. शाल आणि नारळ खुर्चीवर तसेच राहिले.

पुढचं गोड करून सांगणार नाही. गावातून लग्नाची हलगी आम्हाला सांगणं बंद झालं. आता शेजारच्या गावचा बँड येतो. गणवेश घालून कार्यक्रमात गोंधळ केला, अशी माझी तक्रार डेपोत गेली. मी लेखी उत्तर दिलं, पगारवाढ अडकली. बा पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही. एकदा झोपेत त्याची बोटं पांघरुणावर ठोके धरत होती, ते पाहून वाटलं, मी त्याचं सगळंच काढून घेतलं का. आत्या हे बघायला नाही. परभणीला कलेक्टर कचेरीत माझे तीन अर्ज आहेत, पोचपावत्या माझ्याकडं आहेत. दगडावर नावं अजून चारच आहेत.

पण दर सतरा सप्टेंबरला मी रजा टाकते. बाच्या जागेवर, पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, गळ्यात हलगी अडकवून उभी राहते. वाजवत नाही. कार्यक्रम संपेपर्यंत काड्या माझ्या हातात असतात. गेल्या वर्षी रांगेतल्या एका पोरीनं गुरुजींना विचारलं, ही बाई वाजवत का नाही? गुरुजी झेंड्याच्या दोरीकडं बघत राहिले. पोरगी उत्तराची वाट बघत माझ्याकडं बघत राहिली. तिला मी पुढच्या वर्षीही तिथंच दिसेन.

पाचवं नाव कोरतील त्या दिवशी मी हलगी तापवीन. जाळ खाली करणार नाही. तिसऱ्या पायरीवर करीन, त्यांच्या चकचकीत फरशीवर, त्या दगडासमोर. फरशी काळी पडेल, पडू दे. तोवर हलगी ओलीच राहील.