विंगेतली शामला

शामलाला त्या इंग्रज नाटककाराचा मनस्वी राग होता. चारशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस, पण तिच्या संसारात ठाण मांडून बसला होता. तिचा नवरा नरेंद्र दिवसभर झुइडास या डच व्यापारी भागातल्या एका बँकेत कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि उरलेल्या वेळात त्या नाटककाराच्या आयुष्यावर एकपात्री प्रयोग करायचा. पुण्यात कॉलेजच्या एकांकिका गाजवलेल्या शामलाच्या वाट्याला आली ती विंग. साहेबांचं पाठांतर कच्चं, म्हणून हिने संहिता घेऊन प्रॉम्प्टिंग करायचं. वर पाहुण्यांसमोर ऐकायचं, "हिला काय कळतंय त्यातलं!"

आज अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळात दिवाळीचा प्रयोग होता. नाटककार बायकोला गावी ठेवून लंडनला गेला, मोठा झाला आणि मृत्युपत्रात तिला ठेवला एक पलंग, तोही घरातला दोन नंबरचा. या वाक्याला दरवर्षी हशा यायचा, आजही आला.

"आणि त्या बायकोचं नाव..." नरेंद्र अडला. त्याने विंगेकडे पाहिलं. नाव शामलाच्या ओठांवर होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"जाऊ द्या हो," नरेंद्र निर्लज्जासारखा हसला, "बायकांची नावं कोण लक्षात ठेवतो!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेतल्या बायकाही खिदळत होत्या.

शामलाने कोट चढवला आणि सरळ ट्रॅमचा थांबा गाठला. प्रयोगाचा अख्खा उत्तरार्ध अजून बाकी होता, आणि संहिता तिच्या पर्समध्ये होती.