पेटीतलं धुकं

अकोल्यात मे महिन्यात धुकं फक्त आमच्या घरात पडतं, तेही काचेच्या पेटीत. मुलगा परदेशी जाताना त्याचा इग्वाना माझ्याकडे सोडून गेला. या सरड्याला दमट हवा लागते, म्हणून पेटीला धुकं सोडणारं यंत्र जोडलं आहे. ते धुकं काचेवर साचतं, थेंब होऊन ओघळतं आणि इग्वाना ते थेंब जिभेने टिपतो. मी तासन्‌तास बघत बसतो.

मुलाचा फोन रोज संध्याकाळी येतो.

"बाबा, ह्युमिडिटी किती आहे?"

"सत्तर," मी पेटीतला मीटर वाचून सांगतो.

"बरं, ठेवतो."

त्याची आई गेल्यापासून आमच्यात एवढंच बोलणं उरलं आहे. दोन माणसांमधली हवा कधी कोरडी पडत गेली, ते दाखवणारा मीटर मात्र कुठे मिळत नाही.

परवा फिल्टरचं पाणी संपलं म्हणून मी यंत्रात बोअरचं पाणी ओतलं आणि क्षारांनी ते चोंदलं. लिंबू चोळलं, जुन्या ब्रशने घासलं, पण आज त्यातून नुसती गुरगुर येते. मीटर पस्तीसवर उतरला आहे. इग्वानाच्या बोटांवरची कात सुकून आवळली आहे आणि तो कोरडीच काच चाटतो आहे.

आत्ताच फोन येऊन गेला. "सत्तर," मी सांगितलं.

इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची बाटली घेऊन मी केव्हाचा फवारतो आहे. हात भरून आला आहे.

"पी रे बाबा, पी," मी त्याला म्हणतो. "तू गेलास तर तो मला काय विचारेल?"