लेडीज खिडकीच्या आपा

सिनेमाची गोष्ट सांगायला लागलो की आपा तळहात दाखवून थांबवायच्या. "गोष्ट राहू दे बेटा. कुणासंगं बघायचा ते सांग." जुन्या शहरातल्या एका थिएटरात त्यांनी तीस वर्षं लेडीज खिडकीवर तिकिटं दिली. पुढे थिएटर पाडलं, खिडकी गेली, पण बाई एकटी सिनेमाला येत नाही हे त्यांचं शास्त्र काही गेलं नाही. जाऊ तयार झाली तर दोघी, शेजारीण तयार झाली तर अख्खी गल्ली.

माझा पहिला सिनेमा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत एकाच पाळीत राबणाऱ्या दोन जावांवर होता. चार वर्षं त्यात गेली होती. त्यात नाव असलेला नट नाही म्हटल्यावर मुंबईचे वितरक फोन उचलेनात, तेव्हा एका मित्रानं आपांकडे पाठवलं. खरं सांगतो, मला अपमान वाटला. मागायला गेलो वितरक आणि पदरात पडल्या गुडघे धरून जिना उतरणाऱ्या आपा.

मल्टिप्लेक्सच्या मॅनेजरकडे त्या मला घेऊन गेल्या. संध्याकाळचा शो मागतील म्हणून मी सरसावून बसलो, तर त्यांनी शुक्रवारी दुपारी साडेबाराचा मागितला. "शुक्रवारी दुपारी तुमचे गडी कामावर, आमचे नमाजला. बाया मोकळ्या." शिवाय ज्या वस्तीतून बाया आणायच्या त्या मुकुंदवाडीत शनिवारी पाण्याचा दिवस होता, आणि नळ येणार त्या दिवशी बाई घर सोडत नाही. मॅनेजरची अट एकच होती. शुक्रवारी माणसं दिसली तर सिनेमा पुढं चालवू, नाहीतर पोस्टर खाली.

आठवडाभर आपा मुकुंदवाडीच्या गल्ल्या फिरल्या. सिनेमाबद्दल अवाक्षर नाही. किती वाजता सुटतो आणि पोरं शाळेतून यायच्या आत घरी पोचता येतं का, एवढंच सांगायच्या.

आणि गुरुवारी मी माती खाल्ली. एका मोठ्या सिनेमाचं प्रदर्शन लांबलं, संध्याकाळी सातचा शो मोकळा झाला. मॅनेजरनं फोन करून विचारलं, दुपारच्या बदल्यात देऊ का? पुण्याचे मित्र येणार होते, दुपारच्या शोला कसं बोलवायचं? मी हो म्हणून टाकलं. आपांना सकाळी कळवू म्हटलं. सकाळी त्यांचा फोन लागला नाही.

सव्वाबाराला मी धावत पोचलो. रिक्षांतून पन्नासेक बाया उतरल्या होत्या, कुणी ठेवणीतली साडी नेसून, कुणी बुरख्यात. पुढे आपा. शो संध्याकाळी गेलाय, हे मी कसंबसं सांगितलं. कुणी भांडलं नाही. एकीनं फक्त विचारलं, "सांजच्याला भाकरी कोण थापील?" तेवढं बोलून ती रिक्षाकडे वळली, आणि सगळ्या तिच्यामागे गेल्या.

आपा थांबल्या. "हाउसफुल्ल झालं की मी बायांना परत पाठवायचे. पण बोलावून परत कधी पाठवलं नाय."

सातच्या शोला अकरा माणसं आली, त्यातले सात माझे मित्र. मी मॅनेजरचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. त्यानं मंगळवारी दुपारचा एक शेवटचा शो दिला. आपांकडे गेलो तर त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "माझी जबान खर्च झाली. आता तुझी घेऊन जा." तीन दिवस मी दारोदार हिंडलो, माफी मागितली. सगळ्यांनी "बघू" म्हणून कडी लावली.

मंगळवारी बारा पंचवीसपर्यंत चिटपाखरू नाही. मॅनेजर घड्याळ बघत होता. मग एक रिक्षा आली. तिच्यामागे आणखी दोन, मग पायी येणाऱ्या. भाकरीचं विचारणारी बाईही त्यात होती. तिला विचारलं, कशा काय आलात? "आपा घरी येऊन गेल्या. म्हणल्या, पोरगं चुकलं, सिनेमा नाय चुकला."

सिनेमा तीन आठवडे चालला. लांबच्या करमाड गावच्या बायकासुद्धा टमटम करून आल्या. आपांना आणायला मी चारदा गेलो. "ज्या दारातून बायांना माघारी नेलं," त्या म्हणाल्या, "तिथं मी नाय येणार." रागानं नाही, साधं सांगितलं, आणि मला खारी पुढं केली.

गेल्या वर्षी त्या गेल्या. माझा सिनेमा तीन आठवडे ज्यांच्या शब्दावर चालला, त्यांनी तो कधीच पाहिला नाही. त्या शुक्रवारनंतर मी त्यांना थिएटरच्या दारापर्यंतसुद्धा पुन्हा आणू शकलो नाही.